सेवेत असेतोवर

कावळा शिवेना.

नदीच्या पायरीवर पिंड मांडून गुरुजी बाजूला झाले होते. आम्ही सगळे मागे सरकून उभे होतो. समोरच्या उंबरावर पाचसहा कावळे होते, पण त्यांचं लक्ष पलीकडच्या काठावर. तिथे कुणीतरी म्हशी धूत होतं. ऊन पाठीला लागायला लागलं.

"मनात काहीतरी राहिलंय," नानाकाका म्हणाले. नानाकाका हे अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. मी एकुलती एक मुलगी, त्यामुळे दहाव्याचे विधी तेच करत होते. त्यांनी हात जोडले. "दादा, वहिनींची काळजी करू नका. आम्ही आहोत."

कावळे जागचे हलले नाहीत.

"मागच्या पडवीचे पत्रे येत्या उन्हाळ्यात बदलून घेतो."

एका कावळ्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हशींकडे फिरवली.

"हेमांगीचं लग्न..."

"काका," मी म्हटलं, "माझ्या वतीनं काही कबूल करू नका."

"अगं, बापाच्या मनात दुसरं काय असणार?"

"मी एकेचाळीस वर्षांची आहे. त्यांच्या मनात असतं तर एखाद्या वर्षी तरी बोलले असते."

कावळ्यांनी माझी बाजू घेतली. गुरुजी घड्याळ बघायला लागले. त्यांना आणखी एका घाटावर जायचं होतं. दर्भाचा कावळा करून शिवून टाकू, असं ते दबक्या आवाजात सुचवत होते, तेवढ्यात मागून अप्पांच्या कारखान्यातला एक फिटर घसा साफ करत पुढे आला.

"ताई, साहेबांचा भत्ता राहिलाय."

"कसला भत्ता?"

"बेकारीचा. आमची सगळ्यांची कामं झाली, त्यांचीच फाईल अडकली. तेच असंल मनात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल, हेमा," नानाकाका म्हणाले. "फाईल म्हटल्यावर शिकलेल्या माणसानंच बोललं पाहिजे."

मी पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कावळा, पिंड आणि पितर यांच्यावर लोकांनी काय काय लिहून ठेवलंय, ते मी बरंच वाचलेलं होतं, आणि त्यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता. पण माणसं उन्हात ताटकळली होती आणि घरी आई कावळा शिवल्याचा निरोप येईपर्यंत पाणीही पिणार नव्हती. काउंटरपलीकडच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात मी म्हटलं, "अप्पा, तुमचा भत्त्याचा अर्ज मी तडीस नेईन."

उंबरावरून एक कावळा उतरला, पायरीवर दोन उड्या मारून पुढे आला, आणि भातात चोच घालून वर गेला.

"बघ," नानाकाका हात खाली घेत म्हणाले. "सरकारी काम होतं."

अप्पा गुंजाळ मेटल वर्क्समध्ये टाइमकीपर होते, कामगारांची हजेरीची कार्डं सांभाळायचे. कारखाना रॉकेलचे स्टोव्ह बनवायचा. घरोघरी गॅस आला, रेशनवरही रॉकेल मिळेनासं झालं, तरी गुंजाळशेठ स्टोव्हच बनवत राहिले, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. शेवटी एका सोमवारी कामगार पाळीवर आले, तर गेटला कुलूप. शेठ मुलाकडे परदेशी गेलेले. जाण्यापूर्वी त्यांनी अप्पांच्या हातात कारखान्याचा रबरी शिक्का ठेवला होता आणि एक पत्र दिलं होतं. पत्रात एकच वाक्य होतं: 'टाइमकीपर श्री. माधव बाळकृष्ण तासगावकर हे सेवेत असेतोवर कामगारांच्या सर्व दाखल्यांवर कारखान्यातर्फे सही करतील.'

विमा उतरवलेल्या कामगाराची नोकरी कारखाना बंद पडून गेली, तर त्याला काही महिने बेकारीचा भत्ता मिळतो. त्यासाठी कारखान्याचा दाखला लागतो, की हा माणूस आमच्याकडे होता आणि आता नाही. हे दाखले देण्यासाठी अप्पा रोज सकाळी बंद गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसत. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत शिक्का आणि शाईचं पॅड. कुणाचं नाव एका कागदावर मारुती तर दुसऱ्यावर मारोतराव असायचं, कुणाला दोन जन्मतारखा असायच्या. अप्पा ते सगळं निस्तरून फॉर्म भरायचे, सही करायचे, शिक्का मारायचे. मी पुण्याहून फोन केला की म्हणायचे, "टाइम ऑफिसात आहे. जागा बदललीय फक्त." मला ती गंमत वाटायची.

आईला गंमत वाटत नव्हती. "बंद कारखान्याची ड्यूटी," ती मला फोनवर सांगायची. "पगार बहुतेक टपरीवाला देणार आहे. तुझ्या वडिलांसारखा बिनकामाचा माणूस इतका कामात मी पाहिला नाही."

दिवाळीच्या तोंडावर अप्पांना दवाखान्यात ठेवलं. ते घरी आले नाहीत.

तेरावं उरकल्यावर मी रजा वाढवून घेतली आणि भत्त्याच्या ऑफिसात गेले. ऑफिस एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर होतं. टेबलामागे नाईकनवरे नावाचे गृहस्थ होते. शेजारी गरम पाण्याचा थर्मास, आणि पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेला स्टोव्हचा पितळी बर्नर. मी नाव सांगितलं. त्यांनी न शोधता फाईल काढली.

"अर्जदार कुठे आहेत?"

"वारले."

नाईकनवऱ्यांनी चष्मा काढला. "फार नीट माणूस," ते म्हणाले. "त्यांनी भरलेल्या फॉर्मात मला कधी खाडाखोड सापडली नाही." मग त्यांनी चष्मा परत घातला. "पण अर्जदारानं दर महिन्याला स्वतः येऊन, मी अजून बेकार आहे, अशी सही करायची असते. गेल्या महिन्याची राहिलीय."

"ते वारलेत, साहेब."

"मला मान्य आहे. पण फायलीला अजून माहीत नाही."

"मग फायलीला कसं कळवायचं?"

"मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्जदाराचा अलीकडचा फोटो, आणि ते सध्या कुठेही नोकरीला नाहीत अशी घोषणा."

"वारलेला माणूस कुठे नोकरीला असणार?"

"मॅडम, हे मला विचारू नका. नमुन्यात रकाना आहे. कोरा सोडला तर वरून परत येतो. मागे एकांनी 'लागू नाही' लिहिलं. वरून शेरा आला, लागू का नाही, खुलासा करावा."

मी तिथेच बसून घोषणा लिहिली. माझे वडील सध्या कुठेही नोकरी करत नाहीत, आणि पुढे करतील असा संभव नाही. नाईकनवऱ्यांनी ती वाचली आणि पेन्सिलीनं शेवटच्या शब्दांखाली रेघ ओढली.

"संभव नाही, हे काढा. भविष्याबद्दल आपण लिहून द्यायचं नसतं."

मी काढलं. "नावाआधी कैलासवासी लिहायचं का?"

"दाखला जोडलात की लिहू. तोवर श्रीच."

नगरपालिकेचा दाखला माझ्या पर्समध्ये होता. त्या दिवशी मी तो बाहेर काढला नाही. पुढच्या आठवड्यात आणते, म्हटलं.

फोटोचा प्रश्न जरा अवघड निघाला. अप्पांचा हल्लीचा फोटो एकच होता, आणि त्याला हार घातलेला होता. नानाकाकांनी हार उतरवला, काचेवरचं गंध ओल्या फडक्यानं पुसलं, तसबीर पिशवीत घालून स्टुडिओत नेली आणि तीन प्रती करून आणल्या.

"हा अलीकडचा आहे का?" नाईकनवऱ्यांनी विचारलं.

"यानंतर काढलेला नाही," नानाकाका म्हणाले.

मग प्रतिज्ञापत्रावरचं तिकीट चुकीच्या कोपऱ्यात लागलं म्हणून ते पुन्हा केलं. मग आईचं नाव लग्नाआधीचं की नंतरचं, यावर एक सोमवार गेला. मी पुण्याहून येत-जात राहिले. दरवेळी नाईकनवरे आपणहून खुर्ची पुढे करत आणि दरवेळी एक कागद कमी पडे. मला भत्ता नको होता, आईलाही त्यावाचून अडलं नव्हतं. पण चार माणसांदेखत मी अप्पांना शब्द दिला होता. त्या फायलीवर मला 'मंजूर' असा शेरा हवा होता. तो मिळेपर्यंत मला दुसरं काही करता येत नव्हतं, अगदी रडतासुद्धा. तेव्हा मला वाटायचं की मी फक्त फार कामात आहे.

सगळे कागद पुरे झाल्यावर एका शुक्रवारी नाईकनवऱ्यांनी चहा मागवला. तिथे कुणाला चहा मिळालेला मी पाहिला नव्हता, त्यामुळे मी सावध झाले.

"मॅडम, तुमचा अर्ज कागदांसाठी अडकलेला नाही," ते म्हणाले. "तो तुमच्या वडिलांच्या सहीसाठी अडकलाय."

"कुठे राहिली सही?"

"राहिली नाही. जास्त झाली."

त्यांनी गुंजाळशेठचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि 'सेवेत असेतोवर' या शब्दांवर बोट टेकवलं. माणूस पूर्ण एक महिना बेकार राहिला की मगच त्याला भत्त्याचा अर्ज करता येतो. आणि कारखान्यातर्फे सही करणारा माणूस कारखान्याच्या सेवेत आहे, असं ते पत्रच सांगत होतं. म्हणजे अप्पांनी एखाद्या कामगाराला, हा आता आमच्याकडे नाही, असा दाखला दिला, की त्या दिवशी अप्पा स्वतः नोकरीवर होते. त्यांचा बेकारीचा महिना दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा, मग अर्ज दिलेला का असेना.

"म्हणजे दुसऱ्याला बेकार केलं की हे कामावर," मी म्हटलं.

"बरोबर बोललात. मी त्यांना पावसाळ्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हटलं, तासगावकर, आधी स्वतःचं करून घ्या, सह्या मग करा. नाहीतर तुमचा महिना कधी भरायचाच नाही. तर हसायला लागले. म्हणाले, साहेब, पाळी सुटली की टाइमकीपर सगळ्यात शेवटी बाहेर पडतो. आधी सगळ्यांची कार्डं, मग आपलं. उलटं कसं करू?"

मी चहाचा कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"गणपतीत सगळ्यांचे दाखले संपले. मग यांनी महिनाभर काही केलं नाही. महिना भरल्यावर अर्ज घेऊन आले. पोच मीच दिली. म्हटलं, सुटलात." नाईकनवऱ्यांनी दुसरी फाईल उघडली. "आणि त्यानंतर ही आली."

ती जैनबी नदाफ नावाच्या बाईची फाईल होती. ती बर्नर जोडायच्या खात्यात होती. कारखाना बंद झाला तेव्हा ती मुलीच्या बाळंतपणासाठी विजापूरला गेली, तिथे मुलगी आजारी पडली, आणि ही परत आली ती दिवाळीच्या आधी. तिच्या दाखल्यावर अप्पांची सही होती, पण मला ती पटकन ओळखू आली नाही. 'मा' ठीक होता. पुढची रेघ खाली उतरत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

"ही सही नमुन्याशी जुळत नाही, म्हणून वरून दोन्ही फाइली परत आल्यात," नाईकनवरे म्हणाले. "आता जबाब तुमचा. ही सही वडिलांची नाही असं लिहून दिलंत, तर हिचा दाखला रद्द. वडिलांचा महिना शाबूत, भत्ता मंजूर."

"आणि त्यांचीच आहे असं लिहून दिलं तर?"

"हिचं मंजूर. वडिलांचं नामंजूर."

"दोन्ही मंजूर होतील असा काही रस्ता?"

"असता तर तो तुमच्या वडिलांनी शोधला असता." त्यांनी सहीची झेरॉक्स माझ्या हातात दिली. "सोमवारी आईंना घेऊन या. पत्नीचा जबाबही लागतो."

घरी नानाकाका वाट पाहत होते. त्यांनी झेरॉक्स खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"हे सोपं आहे. ओळखू येत नाही, एवढंच म्हणायचं. खोटंही नाही त्यात. ही सही आहे का? कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय."

"काका, त्या बाईचा भत्ता बुडेल."

"तिला दुसरा दाखला मिळेल."

"कोण देणार? सही करणारा माणूस उरला नाही."

"ते तू बघू नकोस. तू घाटावर काय बोललीस ते बघ. आम्ही सगळे होतो तिथे. पितरांना कबूल केलेलं मोडून चालत नाही. वहिनी, तुम्ही तरी सांगा."

आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "कुणाचा दाखला आहे तो?"

"जैनबी नदाफ."

"हं," आई म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

त्या दोन दिवसांत मी तो कागद किती वेळा पाहिला कोण जाणे. मला त्यात एक खोटं वाक्य शोधायचं होतं, जे पूर्ण खोटं नसेल. वाचणाऱ्या माणसाला अशी वाक्यं पुष्कळ सापडतात. 'सही वडिलांच्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही.' हे शंभर टक्के खरं होतं. मी ते एका कोऱ्या कागदावर लिहून ठेवलंही होतं.

रविवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, हातात ओल्या शेंगांची पिशवी. आत या म्हटलं तरी उंबऱ्याशीच टेकली.

"म्या जैनबी," ती म्हणाली. "साहेब गेल्यालं मला उशिरा कळालं. आन आता हापिसात म्हंत्यात, सही खोटी हाय. ताई, म्या सही न्हाई वो केली. मला माझीच येत न्हाई, साहेबांची कशी यील?"

नानाकाका पेपर वाचत होते. त्यांनी तो जरा वर धरला.

"तुम्ही त्यांना कुठे भेटलात?" मी विचारलं.

"दवाखान्यात." तिनं आईकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "बाई म्हणाल्या, माणूस आजारी हाय, नंतर ये. बरोबर हाय त्यांचं. म्या दाराभाईर थांबल्ये, म्हटलं निदान तोंड बघून जावं. तर साहेबांनी आतनं आवाज वळखला. म्हणले, जैनबी का? कुठं हुतीस? तुझं एकटीचं कार्ड राहिलंय. ये आत."

"मग?"

पुढचं आईनं सांगितलं, शेंगांची पिशवी उचलून ताटात ओतता ओतता.

"बसवत नव्हतं त्यांना. पाठीला उशी मी दिली. कागद ठेवायला काही नव्हतं, म्हणून जेवणाचं ताट पालथं करून धरलं. पेन दोनदा सुटलं हातातून. मी म्हटलं, अहो, अंगठा द्या. तर मला म्हणतात, मी काय अंगठ्यावर नोकरी केली?" तिनं एक शेंग फोडली, दाणे काढले आणि तसेच ताटात टाकले. "शिक्का मारायला जोर नव्हता. तो मी मारला. पहिल्यांदा उलटा पडला."

मी झेरॉक्स काढून पाहिली. सहीखाली शिक्का होता, आणि त्याच्या मागे फिकट निळा, उलटा, अर्धवट उठलेला आणखी एक. इतक्या वेळा पाहूनही मला तो दिसला नव्हता.

"तू मला सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"काय सांगायचं? डॉक्टरांनी बोलू नका म्हटलेल्या माणसाकडून मी ऑफिसचं काम करून घेतलं, हे?"

"आई, त्यांना माहीत होतं. ही सही केली की त्यांचा अर्ज गेला, हे त्यांना नाईकनवऱ्यांनी आधीच सांगितलं होतं."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांना ऑफिसातलं सगळं माहीत असायचं," ती म्हणाली. "घरात मीठ कुठे असतं ते माहीत नव्हतं."

जैनबी पदरानं डोळे पुसत होती. नानाकाकांनी पेपर खाली ठेवला, ताटातली एक शेंग घेतली, आणि बराच वेळ न फोडता हातात धरून बसले.

सोमवारी आम्ही तिघं ऑफिसात गेलो. जिन्यात नानाकाका एकदाच म्हणाले, "वहिनी, विचार केलाय ना?" आई कठड्याला धरून चढत राहिली.

नाईकनवऱ्यांनी तिला खुर्ची दिली, फाईल तिच्याकडे फिरवली आणि सहीच्या बाजूला पेन्सिल ठेवली.

"मावशी, ही सही तुमच्या यजमानांची आहे का?"

"त्यांचीच."

"परिणाम माहीत आहे?"

"हिनं सांगितलाय."

"मॅडम, तुमचा जबाब?"

माझ्या पर्समध्ये ते शंभर टक्के खरं वाक्य घडी करून ठेवलेलं होतं. मी त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'सदर सही माझ्या वडिलांची आहे. ती त्यांनी स्वतःच्या हातानं, शुद्धीवर असताना आणि परिणामांची पूर्ण कल्पना असताना केली आहे.' खाली नाव लिहिताना माझीही सही नमुन्याबाहेर गेली. नाईकनवऱ्यांनी ते पाहिलं, पण हरकत घेतली नाही.

आदेशाचे दोन्ही कागद त्यांनी आधीच टाइप करून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी फाडून टोपलीत टाकला. दुसऱ्यावर तारीख घातली आणि माझ्यासमोर सरकवला. "वाचून घ्या. मग खाली सही."

मी मोठ्यानं वाचलं, आईसाठी. "'उपलब्ध कागदपत्रे व जबाब पाहता, कै. माधव बाळकृष्ण तासगावकर हे मृत्यूच्या दिनांकापर्यंत गुंजाळ मेटल वर्क्स या आस्थापनेच्या सेवेत टाइमकीपर या पदावर कार्यरत होते. ते कोणत्याही कालावधीत बेरोजगार नव्हते. सबब, दावा नामंजूर.'"

खालच्या मजल्यावर पतसंस्थेत कुणीतरी नाणी मोजायचं यंत्र चालू केलं होतं. ते थांबलं.

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. या वेळी 'कार्यरत' या शब्दाशी मला रडू आलं. दिवाळीपासून पहिल्यांदाच. नानाकाका खिडकीबाहेर बघायला लागले. नाईकनवऱ्यांनी थर्मासमधून पाणी ओतून पेला माझ्या पुढे ठेवला आणि ते दुसऱ्याच एका फायलीत शोधायला लागले, ज्यात त्यांना काही शोधायचं नव्हतं.

आईचे डोळे कोरडे होते. ती टेबलाकडे जरा पुढे झुकली.

"म्हणजे त्यांची नोकरी चालू होती."

"कागदाप्रमाणे, हो," नाईकनवरे म्हणाले.

"टपरीवर बसायचे, तेसुद्धा?"

"तेसुद्धा. सगळं सेवेतच धरलंय."

"आणि दवाखान्यात?"

"दवाखान्यातही, मावशी. शेवटच्या दिवसापर्यंत."

आईनं पदर खांद्यावर नीट घेतला. लग्नकार्यात कुणी यजमानांचं नाव विचारलं की ती अशीच ताठ बसायची.

"याची एक प्रत मिळेल का?"

"नामंजुरीची?" नाईकनवरे गोंधळले. "ती फाईलला लागते. कुणी मागत नाही."

"मला हवी आहे."

"वहिनी," नानाकाका हळूच म्हणाले, "नामंजुरी घेऊन काय करायचं?"

"मिळेल की नाही ते सांगा."

"मिळेल," नाईकनवरे म्हणाले, "पण त्यासाठी अर्ज करावा लागेल. वेगळा नमुना आहे."

"द्या."

त्यांनी खणातून फॉर्म काढून दिला. मी तो भरायला हात पुढे केला, पण आईनं माझ्याकडे फक्त पेन मागितलं. तिनं खुर्ची टेबलाशी ओढून घेतली, चष्मा लावला आणि एकेक रकाना वाचत सावकाश, गोल अक्षरात भरायला सुरुवात केली. मागे दोन माणसं येऊन उभी राहिली. तिनं घाई केली नाही. 'प्रत कशासाठी हवी' या रकान्याशी ती जरा थांबली, काहीतरी लिहिलं, आणि कागद फिरवून पुढे केला.

नाईकनवऱ्यांनी तो वरपासून तपासत आणला. शेवटच्या रकान्यावर त्यांची पेन्सिल थांबली.

"घरी ठेवायला," त्यांनी वाचलं. "मावशी, असं कारण नसतं. अपिलासाठी, कोर्टासाठी, असं काहीतरी लागतं."

"अपील करायचं नाही."

"मग हा वरून परत येईल."

"येऊ दे," आई म्हणाली. "मी पुन्हा भरीन."

नाईकनवऱ्यांनी काही वेळ त्या रकान्याकडे पाहिलं, आणि मग अर्जावर आवक क्रमांक टाकला.